मुंबई आणि आसपासची शेतजमीन, ग्रीन झोन, एनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोराई, उत्तन, वसई, कर्जत, डहाणू, सगळीकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी पाठवले तसेच ठेवलेत, फक्त नावं आणि गट नंबर काढून टाकलेत. मुंबई महापालिकेच्या हद्दीतले नियम वेगळे, बाहेरच्या एमएमआरचे (मुंबई महानगर प्रदेशाचे) वेगळे, त्यामुळे आपली जमीन कुठे येते ते आधी बघा आणि मग उत्तर वाचा. कोर्टात केस चालू असेल तर सरळ वकील गाठा, ह्या पानाच्या भरवशावर दावा लढवू नका.

१. मुंबईत शेतजमीन उरलीये तरी का? की हे सगळं वसई-कर्जतवाल्यांसाठीच आहे?

उरलीये, थोडी आहे पण आहे. गोराई, मनोरी, मढ-मार्वेकडे अजून भाताची खाचरं आणि भाजीचे मळे आहेत, आरेतले पाडे आहेत (त्यांचं वेगळं प्रकरण आहे, प्रश्न १० बघा). मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा परिषद नाही, ग्रामपंचायत नाही, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव वगैरे भानगडच नाही, एकीकडे महापालिका आणि दुसरीकडे कलेक्टर. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके आहेत आणि तिथे तहसीलदारही बसतो, हे ऐकून बऱ्याच मुंबईकरांना अजून आश्चर्य वाटतं.

आणि हो, लोकलच्या रुळांच्या कडेला दिसते ती पालेभाजी यात मोजू नका. ती रेल्वेची जमीन आहे, 'ग्रो मोअर फूड' योजनेत कर्मचाऱ्यांना लायसन्सवर दिलेली, रेल्वेनं उद्या काढून घेतली की विषय संपला.

२. सातबाऱ्यावर शेती लिहिलंय, भाताची नोंद पण आहे. म्हणजे जमीन शेतीसाठी सेफ आहे ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही वेगळ्या ऑफिसात राहतात. सातबारा महसूल खात्याचा, तो सांगतो जमीन कोणाच्या नावावर आहे आणि त्यात काय पिकतं (२०२१ पासून ई-पीक पाहणीतून ही नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवर करतो). झोन नगररचनेचा, तो सांगतो उद्या इथे काय करायला परवानगी मिळू शकते. आणि एनए म्हणजे शेती सोडून दुसऱ्या वापरासाठीची अकृषिक परवानगी, ती पुन्हा महसूलची.

त्यामुळे सातबाऱ्यावर भात आणि प्लॅनमध्ये रहिवासी झोन, असं अगदी सर्रास असतं. आज तुम्ही नांगर धरताय म्हणून प्लॅन तुम्हाला शेतकरी समजत नाही. उलटही असतं, पंचवीस वर्षं पडीक असलेला माळ ग्रीन म्हणजे कृषी झोनमध्ये बसलेला असतो. राखायची की विकायची हा निर्णय नंतर करा, आधी तिन्ही कागद एकत्र टेबलावर ठेवा.

३. मग झोन ठरवतं कोण, पालिका, कलेक्टर की मंत्रालय?

थोडक्यात, पालिका आखते आणि मंत्रालय मंजूर करतं. कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, सगळे एमआरटीपी म्हणतात. महापालिका किंवा नगरपालिका आपल्या हद्दीचा विकास आराखडा म्हणजे डीपी बनवते. शहरांच्या बाहेरच्या भागाला प्रादेशिक योजना म्हणजे आरपी, मुंबई महानगर प्रदेशासाठी ती एमएमआरडीए करते, आधीची १९९९ ला मंजूर झाली होती आणि आत्ताची २०२१ ला. काही ठिकाणी सरकार तिसराच माणूस नेमतं, विशेष नियोजन प्राधिकरण, जसं नवी मुंबई विमानतळाच्या आसपासच्या नैना भागात सिडको.

पण शेवटची सही नगररचनेचं खातं ज्यांच्याकडे त्यांची, म्हणजे राज्याच्या नगरविकास विभागाची. पालिकेनं पाठवलेल्या आराखड्यात सरकार बदल करून मंजुरी देऊ शकतं, आणि कलम ३७ (१कक) खाली स्वतःहून पण बदल काढू शकतं. त्यामुळे "आमच्या नगरसेवकानं शब्द दिलाय" याला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. ग्रामपंचायतीचा तर यात जवळपास हातच नाही, ती हरकत घेऊ शकते, ठराव करू शकते, पण झोन नाही ठरवू शकत.

४. आमच्या जमिनीचा झोन नक्की कळणार कुठे? एजंट म्हणतो यलो झोन आहे.

यलो म्हणजे रहिवासी झोन, पण एजंटच्या तोंडून रंग ऐकायचाच नाही, दाखला घ्यायचा. मुंबईत महापालिकेच्या विकास नियोजन खात्याचा डीपी रिमार्क मिळतो, सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हे नंबर टाकून ऑनलाइन अर्ज होतो. बाहेरच्या महापालिकांमध्ये त्यांच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा. आणि गाव आरपीत येत असेल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयातून. दाखल्यात झोनबरोबरच आरक्षण, रस्त्याची आखणी, सीआरझेड (किनाऱ्याजवळच्या बांधकामावरचे निर्बंध) काय लागतं ते पण बघा, कारण एकाच गट नंबरचे दोन तुकडे दोन झोनमध्ये पडलेले असणं ही अजिबात नवलाची गोष्ट नाही.

५. आमचं शेत ग्रीन झोनमध्ये टाकलंय. मोबदला किती मिळणार आणि कधी?

शून्य, आणि कधीच नाही. कडू आहे पण ऐकून घ्या. झोन आणि आरक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आरक्षण म्हणजे तुमच्या जमिनीवर प्लॅनमध्ये बाग, शाळा, रस्ता लिहिलाय आणि ती जमीन कधीतरी घ्यायची आहे. त्याला पैसे, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) असं काहीतरी मिळतं, आणि १० वर्षांत घेतली नाही तर एमआरटीपीच्या कलम १२७ खाली खरेदी नोटीस देता येते, त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटतं.

झोन म्हणजे जमीन तुमचीच, कोणी घेत नाहीये, फक्त काय करायचं त्यावर मर्यादा. त्याला ना मोबदला ना कलम १२७. ग्रीन झोनमध्ये वीस वर्षं झाली म्हणून आपोआप सुटेल असं सांगणारे लोक भेटतात, त्यांच्याकडून कलम लिहून मागा.

माझं मत विचाराल तर अन्याय इथेच होतो. शेजारच्या गावात रहिवासी झोन पडला की तो माणूस कोट्यधीश, इकडे रेघेच्या अलीकडचा भात लावतोय, आणि शहराला हवा, पाणी मुरायला जागा आणि ताजी भाजी हा अलीकडचा पुरवतोय. त्याला त्याबद्दल छदाम नाही. मग तो झोन बदलून मागतो तेव्हा त्याला लोभी म्हणायचं हे काय बरोबर नाही.

६. ग्रीन झोन म्हणजे तिथे बांधकामच नाही, बरोबर?

चूक. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर. त्यात कृषी किंवा ग्रीन झोनमध्ये चालणाऱ्या गोष्टींची यादी वाचा, शेती आणि नर्सरी आहेच, पण फार्महाऊस, पोल्ट्री, पेट्रोल पंप, शीतगृह, शाळा, हॉस्पिटल, कृषी पर्यटन, असं बरंच काही अटींसह बसतं. वाचून झाल्यावर माणूस विचार करतो की मग नक्की वाचवलं काय. माझ्या मते ग्रीन झोन ही 'इथे उंच बिल्डिंगा नकोत' अशी पाटी आहे, 'इथे शेतीच होईल' अशी हमी नाही.

फार्महाऊससाठी किमान ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे साधारण ४० गुंठे, एक एकर. पाच गुंठ्यात फार्महाऊस विकणाऱ्यांसाठी प्रश्न ९.

७. मुंबईतल्या एनडीझेडचं काय झालं? आता तो शब्दच दिसत नाही.

१९९१ च्या नियमावलीत ना विकास क्षेत्र म्हणजे एनडीझेड होतं, त्यात गोराई-मनोरीची शेती, आरे, मिठागरांच्या आसपासचा भाग असं बरंच काही एकत्र कोंबलेलं. नवीन डीपीचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ ला आला, त्यावर इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सरकारनं तो बाजूला ठेवायला लावला. सुधारित मसुदा मे २०१६ ला, आणि डीपी २०३४ ला मंजुरी मे २०१८ मध्ये. त्यात जुन्या एनडीझेडची फोड झाली, तिवरं-जंगल वगैरे नैसर्गिक क्षेत्रात गेलं आणि बराच भाग विशेष विकास क्षेत्र म्हणजे एसडीझेड झाला. नियमावलीतलं ३३(८) नावातच सांगतं की एसडीझेडमध्ये परवडणारी घरं बांधायची सोय आहे.

घरं नकोत असं कोण म्हणेल, या शहरात खुराड्यात राहून आयुष्य काढलेले लोक आहेत. पण शेतीसाठी म्हणून वेगळा, नाव घेऊन राखलेला पट्टा मुंबईच्या डीपीत व्हायला हवा होता, तो झाला नाही, आणि ज्यांचं भात अजून उभं आहे त्यांनी आपला तुकडा कशात पडलाय ते रिमार्क काढून बघावं (प्रश्न ४).

८. मसुदा आला की हरकत कशी घ्यायची? सगळ्या गावानं छापील फॉर्मवर सह्या केल्या तर चालतं का?

चालतं, मोजलं पण जातं, पण उपयोग कमी. मसुदा एमआरटीपीच्या कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, राजपत्रात आणि पेपरात नोटीस येते, हरकती-सूचनांची मुदत त्यातच लिहिलेली असते, हल्ली बहुधा ३० दिवस आणि बोंब झाली तर वाढवून मिळते. मग नियोजन समिती सुनावणी घेते, तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ. तुम्हाला सुनावणीचं पत्र येतं, त्या दिवशी जायचंच, न गेलात तर तुमचा कागद गठ्ठ्यात.

हजार सारख्या अर्जांपेक्षा दहा नीट अर्ज बरे. नीट म्हणजे कसा, तर गट नंबर किंवा सीटीएस नंबर, भाग नकाशा जोडलेला, गेल्या काही वर्षांचे सातबारे पीक पाहणीसकट, विहीर किंवा बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं) असेल तर तिचा फोटो आणि नकाशावर जागा, आणि शेवटी एका वाक्यात मागणी: हा तुकडा अमुक झोनमधून काढून तमुक झोनमध्ये ठेवा. "पर्यावरणाचा ऱ्हास थांबवा" ही मागणी नाही, त्यावर समिती काय लिहिणार? पोच घ्या, आवक नंबर जपून ठेवा, पुढे कोर्टात जायची वेळ आली तर तोच विचारतात.

यात एक गोची आहे. सुनावणीनंतर समितीनं तुमचं ऐकलं, तरी पालिका आणि मग सरकार ते फिरवू शकतं. बदल मोठ्या स्वरूपाचा असेल तर तो पुन्हा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, म्हणून पहिल्या नोटिशीनंतर झोपू नका, राजपत्र बघत राहा.

९. कर्जतला ५ गुंठ्यांचा 'फार्म प्लॉट' घेतोय, ग्रीन झोन आहे, एनए नाही, पण विकणारा म्हणतो सामाईक सातबाऱ्यावर नाव लागेल. घेऊ का?

थांबा जरा. तीन कायदे आडवे येतात. एक, कूळ कायद्याचं कलम ६३, शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, दादर-डोंबिवलीत जन्म गेलेल्या बहुतेकांकडे तो नसतो. दोन, तुकडेबंदी कायदा १९४७, प्रमाणभूत क्षेत्राच्या खाली तुकडा पाडून विकता येत नाही, २०२३ ला बहुतेक जिल्ह्यांत ते खाली आणून जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे केलं तरी तुमचे ५ गुंठे त्यातही बसत नाहीत, आणि रायगड त्या अधिसूचनेत नव्हता, तिथलं क्षेत्र वेगळं बघावं लागतं. तीन, झोन, फार्महाऊसला एक एकर (प्रश्न ६).

सामाईक नाव म्हणजे काय, तर तुम्ही अनोळखी वीस लोकांबरोबर एका शेताचे भागीदार, कुंपण कोणाचं कुठपर्यंत ते कागदावर नाही. शिवाय कर्जत-नेरळकडचा काही भाग माथेरान इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये येतो, २००३ पासून, तिथे अजून वेगळे निर्बंध. आणि जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६अ मुळे परवानगीशिवाय बिगर आदिवासीला हस्तांतरच होत नाही. ब्रोशरवर स्विमिंग पूल छान दिसतो, मान्य आहे.

१०. आरे शेतजमीन आहे, जंगल आहे की सरकारी प्लॉट? तिथल्या शेतीला संरक्षण आहे का?

तिन्ही थोडं थोडं. १९४९ ला गोरेगावला दुधाची वसाहत म्हणून सुरू झालं, मालकी सरकारची, ताबा दुग्धविकास खात्याचा, म्हशींसाठी गवत आणि आत आदिवासी पाडे, जे वसाहतीच्या आधीपासून भात-भाजी करतायत. २०१६ च्या अधिसूचनेनं राष्ट्रीय उद्यानाभोवती इको सेन्सिटिव्ह झोन झाला, त्यात आरेचा मोठा भाग आला. मेट्रो कारशेडसाठी तोडलेल्या झाडांचं २०१९ चं प्रकरण सगळ्यांना आठवतंय, त्यानंतर सुमारे ८०० एकर राखीव वन म्हणून जाहीर झाले.

पण जंगल राखलं म्हणजे शेती राखली असं नाही. वन झालं की पाड्यातल्या माणसाच्या शेताचा हक्क सिद्ध करायला वनहक्क कायद्याचा २००६ चा रस्ता, दावा, पुरावे. इथे झोनच्या नकाशापेक्षा दाव्याची फाईल महत्त्वाची.

११. डीपी मंजूर झाला, आता पुढची वीस वर्षं झोन बदलणार नाही ना?

बदलतो की. कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल, आरपीत असाल तर कलम २०. पालिकेच्या महासभेत ठराव, नोटीस, एक महिना हरकती, सुनावणी, मग सरकार. कागदावर हा 'किरकोळ' बदल असतो, एकेक गट नंबर करत किती एकर जाईल याला मर्यादा नाही. शेती वाचवायची असेल तर मोठा आराखडा एकदाच येतो पण हे छोटे फेरबदल वर्षभर चालू असतात, आणि पेपरातली नोटीस एवढ्या बारीक अक्षरात असते की चष्मा लावून पण सुटते. गावातल्या एका पोराला दर आठवड्याला पालिकेच्या वेबसाइटचं नोटीस पान बघायचं काम द्या.

१२. वसईचा हरित पट्टा कसा काय टिकला? तिथे कुठला खास कायदा आहे?

खास कायदा नाही, लोक उभे राहिले. १९९० च्या सुमारास तिथलं नियोजन सिडकोकडे गेलं, बिल्डर लॉबी आणि टँकर लॉबी दोन्ही जोरात, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीनं मोर्चे, हरकती, सगळं केलं. पश्चिमेकडची केळी, पानवेली, फुलं, भाजी ही काही शोभेची नव्हती, मुंबईच्या बाजारात रोज जाणारा माल होता, आणि पाणी हा मुद्दा घराघरात कळत होता, विहिरी खाऱ्या झाल्या की वाडी मेली.

पूर्ण टिकला असंही म्हणू नका. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली, आणि गावं पालिकेत नकोत म्हणून आंदोलन पेटलं, कारण पालिका आली की झोनची पेन्सिल दुसऱ्याच्या हातात जाते. २९ गावांचा वाद त्यानंतर वर्षानुवर्षं कोर्ट-मंत्रालय करत राहिला.

१३. आमची खाजण जमीन आहे, पूर्वी भात व्हायचं, आता बांध फुटून तिवरं आलीयत. परत शेती करता येईल?

अवघड आहे. मुंबई हायकोर्टाचे २००५ आणि २०१८ चे आदेश आहेत, तिवरं तोडणं बंद, भोवती ५० मीटर बफर, जमीन खाजगी असली तरी. वर सीआरझेड. तिवरं उगवण्याआधी बांध दुरुस्त करायचा, तो खारभूमी खात्याच्या योजनेतला असेल तर त्यांना लेखी कळवायचं, हा त्यातला खरा धडा. रातोरात भराव टाकायचा सल्ला देणारे आहेत, तो गुन्हा आहे आणि सातबाऱ्यावर नाव तुमचं आहे.

१४. डहाणूत उद्योग का नाही येत? तिथल्या नगरपालिकेनं शेती राखलीय का?

नगरपालिकेनं नाही, दिल्लीनं. २० जून १९९१ ला केंद्रानं पर्यावरण संरक्षण कायद्याखाली डहाणू तालुका नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला, उद्योगांना तालुक्यात एकूण ५०० एकरांची मर्यादा आणि बाहेर २५ किलोमीटरचा बफर. त्यावर लक्ष ठेवायला १९९६ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष. चिकूच्या वाड्या टिकल्या त्या बऱ्याच अंशी यामुळे. पण त्याच प्राधिकरणानं २०२३ ला वाढवण बंदराला अटींसह परवानगी दिली.

१५. आमच्या पिकाला जीआय मिळालंय, मग जमीन पण सुरक्षित झाली ना?

नाही. घोलवडचा चिकू असो की अलिबागचा पांढरा कांदा, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन नावाचं संरक्षण करतं, वावराचं नाही. उद्या सगळ्या वाडीवर टॉवर झाला तरी जीआय रजिस्टरमध्ये तसंच राहील. हरकतीच्या अर्जात मात्र जरूर लिहा, वजन पडतं.

१६. बागायती, दोन पिकं घेणारी जमीन प्रकल्पासाठी घेता येत नाही असं ऐकलंय.

अर्धवट खरं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १० म्हणतं की सिंचित बहुपीक जमीन अगदी अपवाद म्हणूनच घ्यायची आणि तेवढीच दुसरी जमीन लागवडीखाली आणायची. पण रेल्वे, हायवे, कालवे असे रेषेत जाणारे प्रकल्प त्यातून वगळलेत, आणि २०१८ ला महाराष्ट्रानं दुरुस्ती करून अजून काही प्रकारांना सूट द्यायची सोय केली. आपल्याकडे येतंय ते बहुतेक रेषेतच येतं. इथे झोनचा मुद्दा लढवण्यापेक्षा मोजणी, झाडं, विहीर, कुळं यांची नोंद पक्की करा, मोबदला त्यावर ठरतो.

१७. शेजाऱ्यानं ग्रीन झोनमध्ये गोडाऊन ठोकलं, म्हणतो ग्रामपंचायतीची एनओसी आहे.

गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीची एनओसी म्हणजे बांधकाम परवानगी नाही, घरपट्टी भरतो म्हणून पण ते अधिकृत होत नाही. नियोजन प्राधिकरणाकडे एमआरटीपी कलम ५२-५३ खाली तक्रार, आणि एनए न घेता वापर बदलला म्हणून तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम ४५ खाली दुसरी. दोन्ही एकदम द्या, नाहीतर एक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतं. पाया खणतानाच द्या, स्लॅब पडल्यावर सगळ्यांनाच गोडाऊनवाल्याची दया येते.

१८. मला माझी दोन एकर कायमची शेतीच ठेवायचीय, मुलांनी पण विकू नये. असा काही कागद करता येतो?

परदेशात मालक जमिनीवर कायमचं संवर्धनाचं बंधन नोंदवून देतो, तशी सरळ व्यवस्था आपल्याकडे नाही. मृत्युपत्र किंवा ट्रस्ट करता येतं, पण तिथे वकिलाशिवाय हात घालू नका. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थेशी बोलून वारसा स्थळ जाहीर करतं, जळगावचं लांडोरखोरी, पुण्याची गणेशखिंड बाग, सिंधुदुर्गात बांबर्डेची देवराईवजा मायरिस्टिका दलदल ही आपल्याकडची उदाहरणं. एकट्या दोन एकरासाठी ते मिळणं कठीण, पण बावखलं, जुने बांध, देशी वाण असलेला सगळा पट्टा एकत्र करून पालिकेच्या किंवा गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे प्रस्ताव देता येतो. त्याला सातबारे, नकाशा आणि शेजारच्या खातेदारांच्या सह्या लागतील, तेव्हा सुरुवात शेजाऱ्यांपासून करा, आणि त्यातला एक जरी बिल्डरशी बोलणी करत असेल तर ते आधीच माहीत करून घ्या.